परदेशातून परत आल्यावर मुलांना घरकामाची सवय कशी लावायची: स्टेप बाय स्टेप

परदेशातून सगळं चंबूगबाळं आवरून परत आलेल्या घरांमध्ये एक गोष्ट हमखास होते. तिकडे जी पोरं जेवण झालं की आपापली प्लेट डिशवॉशरमध्ये लावायची, कचऱ्याच्या दिवशी मोठाले डबे ढकलत रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायची, ड्रायरमधून निघालेले मोजे जोड्या लावत बसायची, तीच पोरं इकडे आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताट टेबलावर तसंच सोडून उठायला लागतात आणि पाण्याचा ग्लास सुद्धा बसल्या जागी मागतात. यात त्यांची चूक काही नसते हो. सकाळी मावशी येतात, आजी मागेमागे असते, शाळेची बस पहाटेच दारात, त्यामुळे काम आपोआप होतं, आणि आपोआप होणारं काम उठून कोण करेल, आपण तरी करतो का?

आम्ही टेक्सासहून पुण्याला आलो, मुलगी तेव्हा पाचवीत आणि धाकटा पहिलीत. आमचं आणि ओळखीतल्या परत आलेल्या लोकांचं बघून माझं एक मत पक्कं झालंय की मुलांना शिकवणं हा यातला सोपा भाग आहे, आधी घरातल्या मोठ्यांचं आणि मदतनीस मावशींचं ठरलं पाहिजे. ते ठरलं नाही तर तुम्ही कितीही चार्ट फ्रीजवर चिकटवा, महिन्याभरात त्या चार्टवर फक्त मॅग्नेट उरतो. म्हणून खालच्या स्टेप्स ह्याच क्रमाने करा, पहिल्या दोन सोडून थेट चौथीवर उडी मारू नका.

१. मावशी ठरवायच्या आधी कामांची यादी करा

सामान लागलं न लागलं तोच सोसायटीच्या ग्रुपवर "धुणं-भांडी, केर-फरशी, पोळ्यांसाठी कोणी आहे का" असा मेसेज टाकायची घाई होते. टाका, पण त्याआधी एका संध्याकाळी नवरा-बायकोने बसून ठरवा की कुठली कामं बाहेर द्यायची आणि कुठली अजिबात द्यायची नाहीत. इकडे कामं सुटी सुटी ठरतात, भांड्यांचे वेगळे, केर-फरशीचे वेगळे, पोळ्यांचे वेगळे पैसे, त्यामुळे हवं ते तेवढंच देता येतं, ही सोय वापरा.

आमच्याकडे न द्यायच्या यादीत ही कामं आहेत: प्रत्येकाचं अंथरूण-पांघरूण, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, मुलांची खोली आवरणं, ताट-पाणी घेणं आणि जेवल्यावर ओटा-टेबल पुसणं, शाळेचे डबे आणि बाटल्या धुणं, चपला-बूट जागेवर ठेवणं. भांडी मावशी घासतात पण ताटातलं खरकटं काढून, ताट विसळून सिंकमध्ये ठेवायचं हे ज्याचं त्याने. वाळलेलं, करकरीत झालेलं वरणाचं ताट दुसऱ्या माणसाने खरवडत बसायचं हे मला स्वतःलाच बघवत नाही.

मग हे मावशींना पहिल्याच दिवशी नीट सांगा, मुलांच्या समोर सांगा. "मावशी, ह्यांच्या खोलीतलं काही उचलू नका, ते उचलतील, नाही उचललं तर तसंच राहू दे." आणि लगेच पुढचं वाक्य हे की "पैसे तेच राहतील." हे दुसरं वाक्य विसरू नका, कारण आपण काम कमी करतोय म्हणजे आता पगार कापणार असं त्यांना वाटणं साहजिक आहे, आणि मग त्या बिचाऱ्या काम दाखवण्यासाठी पोरांची खोली आधी आवरतात. काही मावशी मायेपोटी पण करतात, "लेकरू आहे ओ, राहू द्या." त्यांना दोन-तीनदा सांगावं लागतं.

आठवड्याची एक सुट्टी मावशींना द्या, ठरवतानाच द्या. त्यांचा हक्क आहे हे तर आहेच, पण त्या एका दिवसामुळे घर कसं चालतं ते मुलांना दर आठवड्याला दिसतं.

आणखी एक गोष्ट. कधी कधी मावशींबरोबर त्यांची शाळेत जाणारी मुलगी येते आणि बघता बघता तीच फरशी पुसायला लागते. तिला काम करू देऊ नका, थांबवा. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे, पण कायद्याचं सोडा, तुमची दहा वर्षांची मुलगी सोफ्यावर बसलेली असताना तिच्याच वयाची दुसरी मुलगी तिच्या पायाखालची फरशी पुसते, हे एकदा जरी चालवून घेतलं तर घरकामाबद्दल तुम्ही पुढे काहीही शिकवा, पोरं जे बघितलं तेच शिकणार.

२. आजी-आजोबांशी बोलून घ्या, मुलं झोपल्यावर

ही स्टेप सगळ्यात नाजूक, आणि बरेच जण हिलाच टाळतात. इतकी वर्षं नातवंडं व्हिडिओ कॉलवर बघितलेली असतात, आता प्रत्यक्ष हाताशी आलीत, तर त्यांना लाडावणारच ना. "आम्ही असताना पोरांना कामं कशाला?" हे वाक्य येणार. मुलाच्या बाबतीत "मुलगा आहे तो, त्याला कशाला भांडी विसळायला लावतेस" हे पण येणार, आणि ताईने मात्र ओटा पुसला की "गुणाची गं माझी बाई." हे एकदा सुरू झालं की बहीण-भाऊ दोघांनाही आठवड्याभरात कळतं की ह्या घरात काम कोणाचं असतं.

त्यावर मुलांसमोर वाद घालू नका. रात्री शांतपणे सांगा, आणि ज्याचे आईवडील त्याने सांगावं, सुनेने सासूला किंवा जावयाने सासऱ्यांना सांगायच्या फंदात पडू नये. सांगताना "तुम्ही लाड करता" असं म्हणू नका. "उद्या ही शिकायला बाहेर गेली, होस्टेलवर राहिली तर हिला येत असलेलं बरं" हे ज्येष्ठांना लगेच पटतं, कारण त्यांनी तुम्हाला परदेशात पाठवताना कुकर कसा लावायचा हे फोनवर सांगितलेलं असतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे आजी-आजोबांनाच मास्तर करा. पालेभाजी निवडणं, मटार सोलणं, दाणे भाजून त्याची सालं काढणं, दूध तापवणं, देवघरातली भांडी घासणं, ही कामं आजीच्या हाताखाली. गॅलरीतल्या झाडांना पाणी, भाजी आणणं, रद्दी बांधणं आजोबांबरोबर. ज्यांनी शिकवायचं त्यांनी मध्ये पडून स्वतः करून टाकायचं नाही, एवढीच अट. आणि हो, दुपारी मुलं शाळेत असताना आजी हळूच त्यांची खोली आवरून ठेवते हा प्रकार जवळजवळ प्रत्येक घरात होतो. त्यावर माझ्याकडे पूर्ण तोडगा नाही, खोलीचं दार लावून ठेवतो एवढंच.

३. लागणारं सामान आणून ठेवा

फार काही लागत नाही, पण मुलांच्या हाताला येईल असं हवं, नाहीतर "मला जमत नाही" ला कारण मिळतं.

- कमी उंचीचा, पक्का स्टूल (ओट्यापाशी आणि बेसिनपाशी). प्लास्टिकचा हलका नको, घसरतो
- छोटा झाडू आणि सुपली. नवीन फुलझाडूचा भुसा पडतो, तो आधी बाहेर नेऊन झटकून काढा
- काठीवाला पोछा. बसून फरशी पुसायची सवय मुलांना नसते आणि लावायची गरज पण नाही
- प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं फडकं, नाहीतर "हे माझं नाहीये" वर भांडण
- कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, कारण छताला टांगलेल्या दोऱ्या-दांड्या मुलांच्या हाताला येत नाहीत
- सोलाणं, बोथट टोकाची छोटी सुरी, खाली न सरकणारा चॉपिंग बोर्ड
- दोन कापडी पिशव्या दाराच्या मागे टांगलेल्या
- कचऱ्याचे वेगवेगळे डबे

टॉयलेट-बाथरूम साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच मात्र वरच्या कप्प्यात, कुलूप असेल तर उत्तम. बाथरूममध्ये टाईल्स घासणं, आरसा पुसणं हे मुलांनी साबणाच्या पाण्याने करावं. ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे मोठ्या मुलांना स्पष्ट सांगा.

४. इकडचं घर कसं चालतं ते हिंडून दाखवा

तिकडे वाढलेल्या मुलांना घर म्हणजे भिंतीतून गरम पाणी येणार, नळाचं पाणी थेट पिता येणार, स्टोव्हचं बटण फिरवलं की पेटणार असं माहीत असतं. इकडे तसं नाही आणि हे कोणी सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? एका शनिवारी सगळं घर फिरून दाखवा, आणि प्रत्येक गोष्ट त्यांना स्वतः करू द्या.

*वीज.* अमेरिकेत घरातल्या प्लगला १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०, म्हणजे शॉक बसला तर तो जोरात बसतो. ओल्या हाताने बटण नाही, हा नियम पहिला. प्रत्येक प्लगला भिंतीवर बटण असतं आणि काम झालं की ते बंद करायचं हे मुलांना नवीन असतं. मिक्सरचं भांडं काढायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद, इस्त्रीचं पण तसंच. गीझर चालू करून विसरणं हा सगळ्यात कॉमन प्रकार, तर शेवटी जो आंघोळ करेल त्याने बंद करायचा असं ठरवून टाका. लाईट गेली की काय चालतं काय नाही, इन्व्हर्टरवर काय आहे, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडून वीज तोडणारं मीटरजवळचं बटण) कुठे आहे हे दाखवा, पण पडलेला एमसीबी मुलांनी वर करायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची.

*पाणी.* तुमच्याकडे पाणी ठराविक वेळेला येत असेल तर ती वेळ मुलांना पाठ हवी. पाणी आलंय का बघायला नळ उघडला, नुसती हवा आली, तसाच सोडून पोरगं खेळायला गेलं, आणि मग पाणी आल्यावर घरभर तळं, ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या घरात रोज होते. नळ उघडून पाणी नाही आलं तर आधी बंद कर, मग सांग. प्यायच्या बाटल्या फिल्टरमधून भरून ठेवणं हे सात-आठ वर्षांच्या मुलाचं मस्त रोजचं काम आहे, त्याला जबाबदारी पण वाटते कारण त्याने भरलं नाही तर सगळ्यांचीच पंचाईत.

*गॅस.* ह्यावर वेळ घालवा. शेगडीचं बटण वेगळं आणि सिलेंडरचा रेग्युलेटर वेगळा, पाईप गॅस असेल तर त्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, रात्री ते का बंद करायचं. लायटर आधी हातात तयार ठेवायचा आणि मग बटण फिरवायचं. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही, लावायचं पण नाही आणि बंद पण करायचं नाही, एक्झॉस्ट फॅन सुद्धा नाही. खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं, मोठ्यांना बोलवायचं. सिलेंडरच्या गळतीसाठी १९०६ हा हेल्पलाईन नंबर आहे, तो फ्रीजवर लिहून ठेवा. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडाचं वजन वेगळं, तर सिलेंडर हलवणं हे मोठ्या मुलांचं पण काम नाही.

*कुकर.* मुलांना शिट्टीची भीती वाटते, वाटू दे. शिट्ट्या मोजणं आणि गॅस बंद करणं मुलं नऊ-दहा वर्षांपासून करू शकतात, उघडणं मोठ्यांनी. वाफ आपोआप जाईपर्यंत झाकणाला हात नाही, "भूक लागली" म्हटलं तरी नाही.

५. कोणत्या वयाला काय

नेटवर वयाप्रमाणे कामांचे तक्ते मिळतात, पण बरेचसे तिकडच्या घरांसाठी असतात, त्यात लॉन कापणं आणि डिशवॉशर रिकामा करणं असतं. इकडच्या घराला लागू होईल असं आमच्या अनुभवातून सांगते.

चार ते सहा वर्षांचं मूल मटार सोलतं, लसणाच्या पाकळ्या सुट्ट्या करतं, चमचे-वाट्या मांडतं, रुमाल-मोज्यांच्या घड्या घालतं, कोणी आलं की पाण्याचा ग्लास (अर्धा भरलेला!) नेऊन देतं. ह्या वयात कामात मदत कमी आणि पसारा जास्त होतो, पण त्यांना करायचं असतं, तेव्हाच करू द्या, नंतर बोलावलं तरी येत नाहीत.

सात ते नऊ म्हणजे सुवर्णकाळ. पाण्याच्या बाटल्या, झाडांना पाणी, स्वतःच्या खोलीचा केर, टेबल पुसणं, कोथिंबीर निवडणं, काकडी सोलणं, पोळीला तूप लावणं, डबा धुणं. कणीक पण मळायला घ्या, पहिल्यांदा ती एकतर पातळ होते नाहीतर दगड, तरी त्याच्या पोळ्या त्या दिवशी करायच्याच.

दहा ते बारा: गॅस, मोठं माणूस ओट्यापाशी असताना. दूध तापवणं ही गॅसवरची पहिली परीक्षा धरा कारण ते काम म्हणजे निव्वळ लक्ष ठेवणं, फोन हातात घेतला की उतू गेलंच. मग चहा, मग वरण-भाताचा कुकर लावणं (तांदूळ धुवून दुप्पट पाणी, डाळीला हळद-हिंग), कोशिंबीर, वॉशिंग मशीन लावणं. मशीन लावताना खिसे तपासणं आणि रंग जाणारे कपडे वेगळे काढणं आधी शिकवा, एक नवा लाल कुडता आख्ख्या घराचे युनिफॉर्म गुलाबी करतो.

तेरा-चौदाच्या पुढे फोडणी, पोळ्या, इस्त्री, एखाद्या संध्याकाळचा सगळा स्वयंपाक. फोडणी शिकवताना झाकण जवळ हवं आणि कढईत ओलं काही टाकायचं नाही. तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं, हे पोहे करायला शिकवायच्या आधी शिकवा.

तुमचं मूल तेराव्या वर्षी परत आलं असेल आणि कधी काही केलेलंच नसेल तर त्याला सात वर्षांच्या यादीपासून सुरू करायला लावू नका, अपमान वाटतो. त्याला थेट एखादा पदार्थ शिकवा जो त्याला खायला आवडतो.

६. एक काम शिकवायची पद्धत

एका वेळी एकच काम. आधी तुम्ही करून दाखवा, मग बरोबर करा, मग ते करतील आणि तुम्ही बघा, मग तुम्ही तिथून जा. चौथं सगळ्यात अवघड, आपल्यालाच राहवत नाही.

"खोली आवर" हे काम नाही हो, मुलांना त्यातून काहीच कळत नाही. "जमिनीवर काही नको, पुस्तकं कप्प्यात, धुवायचे कपडे टोपलीत, चादर ताठ" असं सांगितलं की झालं म्हणजे काय ते दोघांनाही माहीत असतं आणि वाद होत नाही. केर काढायचा तर आधी पंखा बंद, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे यायचं, पलंगाखाली झाडू घालायचा, कचरा सुपलीत भरायचा, सुपली डब्यात रिकामी करायची, झाडू जागेवर. मुलं साधारण चौथ्या पायरीला थांबतात आणि कचऱ्याचा ढीग दाराशी तसाच.

कपडे वाळत घालताना झटकून, उलटे करून, चिमटा लावून. तिकडे ड्रायर होता म्हणून ह्या कामाची मुलांना सवयच नसते आणि पावसाळ्यात तर हे काम दुप्पट होतं, घरभर दोऱ्या, पंख्याखाली स्टँड, आभाळ भरून आलं की गॅलरीतले कपडे आत. पावसाची सर आली की कपडे काढायला कोण धावणार हे आधी नेमून ठेवा.

धूळ हा विषय वेगळा. पुण्यात काय, कुठल्याही शहरात, सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येईल असं होतं. "कालच तर पुसलं" ही तक्रार पहिल्या महिन्यात रोज ऐकाल. हो, काल पुसलं, आज परत.

मूल काम अर्धवट करेल. ते गेल्यावर तुम्ही परत करायला घेऊ नका, त्याला कळतं आणि ते पुढच्या वेळी आणखी अर्धवट करतं. बोलवा, कुठे राहिलं ते दाखवा, त्यालाच करू द्या. ज्या दिवशी तुम्हाला घाई आहे त्या दिवशी शिकवायला बसू नका.

७. कचऱ्याचं काम मुलांकडेच द्या

हे मुद्दाम वेगळं लिहितेय. तिकडे रिसायकलचा डबा वेगळा असायचा त्यामुळे मुलांना वर्गीकरण समजतं, आणि बऱ्याचदा इकडच्या मोठ्यांपेक्षा तीच कडक असतात. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायचा आहे, आणि एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत पॅड-डायपरचा चौथा गट वेगळा आहे. ओल्यात भाजीचे देठ, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा. सुक्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, पण दुधाच्या पिशव्या आधी धुवून वाळवून. बॅटऱ्या, बल्ब, जुनी औषधं तिसऱ्या डब्यात. पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून, वरून लाल खूण करून वेगळे द्यायचे, म्हणजे गोळा करणाऱ्याला उघडून बघावं लागत नाही.

पुण्यात बऱ्याच भागांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारावर येतात. मुलाने त्यांच्या हातात कचरा द्यावा, त्यांना नावाने ओळखावं, "ताई, काच आहे, जपून" एवढं सांगावं. दाराबाहेर डबा ठेवून आत पळायचं नाही.

ह्याच्याच जोडीला रद्दी. वर्तमानपत्रं, पुठ्ठे, वह्या वर्षभर नीट रचून ठेवायचं काम मुलांना द्या आणि रद्दीवाला येईल तेव्हा काट्यावर लक्ष ठेवून पैसे घ्यायचं पण. ते पैसे त्यांचे.

८. घराबाहेरची छोटी कामं

तिकडे किराणा म्हणजे गाडी काढून आठवड्याचं सामान आणायचं, मुलांना एकट्याने दुकानात जायची वेळच येत नव्हती. इकडे कोपऱ्यावर वाणी, खाली इस्त्रीवाला, पलीकडे भाजीवाली, पिठाची गिरणी, ह्याचा फायदा घ्या. आधी सोसायटीच्या गेटच्या आत, मग रस्ता न ओलांडता, मग ओलांडून. ट्रॅफिक उलट्या बाजूने येतं हे अमेरिकेहून आलेल्या मुलांना महिनोन्‌महिने आठवून द्यावं लागतं, "आधी उजवीकडे बघ."

पहिल्या वेळी एकच वस्तू आणि रोख पैसे द्या. मोजून सुटे परत आणायचे. दूध असेल तर तारीख बघून, भाजी असेल तर हाताने निवडून. मराठी अडखळत बोलणाऱ्या मुलांचं मराठी क्लासपेक्षा भाजीवालीशी लवकर सुधारतं, ती चुकलं की हसते, सुधारून सांगते आणि वर कढीलिंब घालते. पिशवी घरून न्यायची, महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तरी काही जण देतात, मुलाने "नको" म्हणायचं.

इथला सापळा म्हणजे दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप्स. कोथिंबिरीची एक जुडी सुद्धा आपण ॲपवर मागवतो आणि मग म्हणतो मुलांना बाहेरचं काही येत नाही.

मोठ्या मुलांच्या हातात सरळ आपला फोन आणि पिन देऊ नका. १० वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं, मर्यादा प्रत्येक बँक आपली आपली ठरवते. साधारण लागतं ते म्हणजे मुलाचा जन्मदाखला, आधार, फोटो आणि पालकांची केवायसी. मूल परदेशी नागरिक असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल, तर आधारसाठी आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे आल्या आल्या होणार नाही, आणि बँकेचे कागद पण वेगळे असतात, शाखेत आधी विचारून जा. तोपर्यंत डब्यात रोख आणि शेजारी हिशेबाची वही, हे जास्त चांगलं चालतं.

९. कामाचे पैसे द्यायचे का?

तिकडे अलाउन्सची पद्धत असते, मुलं विचारणारच. माझं मत सरळ आहे, स्वतःचं ताट, खोली, कपडे आणि घराचं एक नेमून दिलेलं काम ह्याला पैसे नाहीत. नाहीतर एक दिवस मूल म्हणतं मला आज पैसे नकोत, म्हणून काम पण नको, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. गाडी धुणं, माळा आवरणं, पंखे पुसायला मदत अशा जादा कामाला द्यायचे तर द्या. आणि कृपा करून मावशींना किती मिळतात ह्याच्याशी मुलांच्या कामाची तुलना घरात करू नका, पोरं ती तुलना मावशींसमोर बोलून दाखवतात.

१०. परीक्षा, क्लास आणि "आज खूप होमवर्क आहे"

इकडची शाळा, युनिट टेस्ट, क्लास सुरू झाले की काम सुटायची पहिली वेळ हीच. आणि घरातले मोठेच म्हणतात, "अभ्यास करू दे त्याला." आम्ही असं ठेवलंय की परीक्षेच्या आठवड्यात घराचं काम माफ, स्वतःचं माफ नाही. ताट विसळायला अर्धा मिनिट लागतं, त्याने कोणाचे मार्क गेलेले नाहीत. परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी घराचं काम परत सुरू, "सोमवारपासून" म्हटलं की ते सोमवार येतच नाहीत.

११. सणवाराचा उपयोग करून घ्या

गणपती आणि दिवाळी म्हणजे कामाची खाणच, आणि ह्या कामांना मुलं नाही म्हणत नाहीत. दूर्वा निवडणं, आरतीचं ताट तयार करणं, प्रसाद वाटणं. दिवाळीआधी माळे-कपाटं काढताना लहान झालेले कपडे वेगळे करणं, पणत्या धुवून ठेवणं, फराळात लाडू वळणं, करंजीच्या कडा दाबणं, सोऱ्या फिरवणं (तळण मोठ्यांचं). पंगत असेल तर ताट वाढायला मुलग्यांना उभं करा. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, हे दोनदा वाढलं की डोक्यात बसतं. घरातले पुरुष पण वाढायला उठले तर फारच छान, आमच्याकडे ह्यांना उठवायला सुरुवातीला जरा कोपराने ढोसावं लागलं.

१२. मावशी गावाला जातात तेव्हा

जत्रा, लग्न, आजारपण, काहीतरी येतंच आणि मावशी आठ-दहा दिवस नसतात. बदली बाई लगेच शोधू नका. आदल्या रात्री सगळ्यांनी बसून कामं वाटून घ्या, आजोबांसकट. भांडी दिवसातून दोनदा घासायची, रात्रीची सकाळवर ठेवायची नाहीत, आधी ग्लास-वाट्या, मग ताटं, तेलकट कढई शेवटी. एक घासेल, एक विसळेल, एक पुसून लावेल, असं लावलं तर लहानालाही काम मिळतं. फरशी रोज नाही पुसली तरी चालतं. एखाद्या दिवशी खिचडी, एखाद्या दिवशी बाहेरून. रजेचे पैसे कापायचे नाहीत हे मुलांना माहीत असू द्या.

आणि मावशी परत यायच्या आदल्या दिवशी ओटा, सिंक आणि धुण्याची टोपली रिकामी करून ठेवा. साचवलेला सगळा ढीग त्यांच्यापुढे पहिल्याच सकाळी टाकायचा नाही, हे काम मुलांच्याच यादीत लिहून टाका.